चार घड्यांची पावती

आज सकाळी भाच्याचा व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट. एकीकडे फोर्डची मस्टँग जीटी, ४८० हॉर्सपॉवर. दुसरीकडे माझदाची मियाटा, १८१. खाली एकच ओळ, "मामा, यात विचार काय करायचा?"

करायचा रे बाबा. करायचा!

आपल्याकडे साधं मडकंसुद्धा वाजवून घेतात. आणि हा शहाणा आयुष्यातली पहिली स्पोर्ट्स कार नुसता आकडा बघून घेतोय. विचारलं, शोरूममध्ये दार लावून बघितलंस का? तर म्हणे, "दाराचं काय?"

दाराचं काय! पंधरा वर्षांपूर्वी इथे न्यू जर्सीत, एडिसनला मीही एक व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरच्या इंजिनची गाडी घेतली होती. सेकंडहँड, उघड्या छपराची. कंपनी कुठली ते सांगत नाही. (मस्टँग नव्हती, मस्टँगवाल्यांनी तुटून पडू नये.) पहिल्या आठवड्यातच डॅशबोर्ड बोलायला लागला. रस्त्यावर जरा सांधा आला की टक टक टक. शेवटी हिने पर्समधून ओक ट्री रोडच्या वाणसामानाची पावती काढली, चार घड्या घातल्या आणि एसीच्या जाळीशेजारच्या फटीत खुपसली. आवाज बंद! मग शांतपणे विचारलं, "कितीला घेतली म्हणालास?"

छप्पर कापलेली गाडी मुळात पिळवटते. बॉडी ताठ ठेवायला खालून जादा मजबुती द्यावी लागते, आणि पैसे तिथेच वाचवले तर सस्पेन्शन कितीही भारी असो, धक्का सांध्यासांध्यांत शिरतो. हे ब्रोशरमध्ये कुठल्या रकान्यात लिहिणार? तिथे हॉर्सपॉवर असते. ती न्यू जर्सीत वापरणार कुठे? टर्नपाइकवर, म्हणजे इथल्या टोलच्या हायवेवर, जास्तीत जास्त ताशी ६५ मैल. पावसात मागची चाकं जागेवर फिरली की ट्रॅक्शन कंट्रोल स्वतःच इंजिनचा गळा धरतो. मियाटा ११०० किलोच्या आतली, मस्टँग १७०० च्या वर. वळणावर ते जादा सहाशे किलो कोण आवरणार, तुझा मामा?

बरं, मियाटाच्या डिकीत दोन बॅगा कोंबल्या की संपलं, हे मान्य. आणि मस्टँगचं दार कदाचित छान लागतही असेल. बघ तरी लावून!

चिडून लिहायला बसलो खरा, पण एक रात्र आठवतेय. लिंकन टनेल, गर्दी नाही, छप्पर उघडं. मी दुसऱ्या गिअरवर आणून जरा पाय दिला. तो आवाज भिंतींवरून अंगावर आला तेव्हा ही खळखळून हसली होती. एका हाताने ओढणी धरलेली, दुसऱ्या हाताचं बोट त्या पावतीवर, उडू नये म्हणून.

दोन वर्षांनी गाडी विकली. घेणारा भाच्याच्याच वयाचा. त्याने इंजिन सुरू करायला लावलं, डोळे मिटून ऐकलं आणि चेक फाडला. दार एकदाही लावून बघितलं नाही. मी आठवण म्हणून पावती काढायला फटीत बोट घातलं होतं. तसंच बाहेर घेतलं.