गाणं कधी सुरू होतं?

आपल्याला आवडलेलं गाणं दुसऱ्याला ऐकवणं बहुतेकांना जमतं, कारण बहुतेकांची गाणी चार-पाच मिनिटांत आटपतात. माझी आटपत नाहीत. माझा जीव अडकलाय तो साधारण १९६६ ते १९७७ या काळातल्या सायकेडेलिक आणि प्रोग्रेसिव्ह रॉकमध्ये, म्हणजे तंद्री लावणाऱ्या, लांबलचक गाण्यांच्या रॉकमध्ये. केस खांद्यापर्यंत वाढवलेल्या त्या इंग्रज पोरांना ‘आता पुरे’ म्हणणारं कुणी वडीलधारं तेव्हा जवळपास नसावं. पिंक फ्लॉइडचं ‘एकोज’ २३ मिनिटांच्या वर जातं. जेनेसिसचं ‘सपर्स रेडी’ त्याच्याच आसपास. जेथ्रो टलने १९७२ साली ‘थिक अ‍ॅज अ ब्रिक’ काढलं, त्यात गाणं एकच, आणि ते मध्ये थांबतं ते तबकडी उलटण्यापुरतं.

कॉलेजात हे सगळं सोपं होतं. टीडीकेच्या ९० मिनिटांच्या कॅसेटला एका बाजूला ४५ मिनिटं मिळायची. एकीकडे ‘थिक अ‍ॅज अ ब्रिक’ अख्खं, दुसरीकडे पिंक फ्लॉइडचं ‘डार्क साइड ऑफ द मून’ अख्खं. हॉस्टेलच्या आमच्या मजल्यावर टेपरेकॉर्डर फक्त माझ्याकडे होता, त्यामुळे रसिकांची वाण कधी पडली नाही. पुढे लग्न झालं आणि ज्यांना घरातून उठून जाता येतं अशा माणसांशी गाठ पडली.

या संगीताची गोची अशी की त्यातली सगळ्यात भारी जागा पाहुण्याचा धीर सुटल्यानंतर येते. पिंक फ्लॉइडचंच ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’ घ्या. १९७५ सालचं. त्यात माणसाचा आवाज ऐकू यायला साडेआठ मिनिटं लागतात. आमचे साडू जेवायला आले होते, जेवणाआधी लावलं. पहिली दोन मिनिटं ते मान डोलवत होते. तिसऱ्या मिनिटाला त्यांनी स्पीकरची किंमत विचारली. चौथ्या मिनिटाला म्हणाले, “छान आहे. गाणं कधी सुरू होतं?”

“थांबा, आता येईल,” मी म्हणालो.

नेमकी तेव्हाच गिटारवाल्या डेव्हिड गिलमोरची ती चार सुरांची ओळ आली. त्या चार सुरांसाठी मी काय काय देईन ते सांगत नाही, घरचे वाचतात. साडू चिवड्यातले काजू वेचत होते. आणि मी साडूंकडे बघत होतो, काजूंकडेही. ऐकवणाऱ्याचे खरे हाल इथे आहेत. समोरच्याच्या भुवया, त्याचा पाय, त्याचा मोबाइलकडे सरकणारा हात, यांवर पहारा देण्याच्या नादात ज्याच्यासाठी सगळा खटाटोप केला ते गाणं आपल्याला ऐकूच येत नाही.

त्यांचा जीव रमावा म्हणून मग मी गोष्ट सांगायला घेतली. हे गाणं सिड बॅरेटवर आहे. बँड उभा करणाऱ्यांतला तो एक, डोकं ताळ्यावर राहिना म्हणून १९६८ मध्ये बाहेर पडला. १९७५ च्या जूनमध्ये या तबकडीचं काम चालू असताना तो अचानक अ‍ॅबी रोड स्टुडिओत येऊन उभा राहिला. अंगाने सुटलेला, डोक्यावरचे केस आणि भुवया उतरवलेल्या. जुन्या मित्रांनाही तो आधी ओळखू आला नाही. साडू पहिल्यांदाच सावरून बसले. “अरेरे! मग? पुढे काय झालं त्याचं?” आणि ते हे विचारत असतानाच साडेआठ मिनिटं पूर्ण झाली, गायक गायला लागला, आणि आम्ही दोघेही सिडच्या प्रकृतीबद्दल बोलत होतो.

बायकोने मात्र एकदा फार मन लावून ऐकलं. फ्लॉइडच्याच १९७० च्या ‘अ‍ॅटम हार्ट मदर’मधला शेवटचा तुकडा, १३ मिनिटांचा. त्यात एक गृहस्थ सकाळी नाश्ता करतात: काडी ओढतात, कढईत काहीतरी चरचरतं, नळ ठिबकतो, अधूनमधून संगीत. ती एकाग्र झालेली पाहून मला भरून आलं. मग ती उठून स्वयंपाकघरात गेली, गॅस बघून आली आणि म्हणाली, “तू काही ठेवलं होतंस का?” त्या तबकडीच्या कव्हरवर बँडचं नाव नाही, शीर्षक नाही, नुसती एक गाय मागे वळून बघते आहे. बायकोच्या मते सगळ्या प्रकरणात समंजस तीच.

किंग क्रिम्सनच्या १९६९ च्या पहिल्या तबकडीचं कव्हर मी पोस्टर करून बेडरूममध्ये लावलं होतं. आ वासून किंचाळणारा लालबुंद चेहरा. “सकाळी डोळे उघडल्यावर हे तोंड?” एवढंच बोलून तिने ते कपाटामागे नेलं. त्यावर मी वाद घातला नाही. त्या बाबतीत किंग क्रिम्सनचीही बाजू लंगडी आहे.

गाडीत ऐकवावं तर एक्स्प्रेस वेवर निम्मं गाणं टोलनाक्यावर जातं आणि निम्मं मॅपवाल्या बाईंच्या सूचनांत.

मुलगी ढोलपथकात आहे, तिच्याकडून मोठी आशा होती. आयर्न बटरफ्लाय या अमेरिकन बँडचं १९६८ चं १७ मिनिटांचं गाणं तिला यूट्यूबवर पाठवलं, कारण त्यात अडीच मिनिटं नुसते ड्रम आहेत. संध्याकाळी तिच्या खोलीतून ते ऐकू आलं. मी दाराशी उभा राहिलो, पण काहीतरी खटकत होतं. ती ते दीडपट वेगाने ऐकत होती. “असं बरं वाटतं, बाबा. आणि ड्रम ठीक आहेत, पण ताशाशिवाय मजा नाही.”

या सगळ्यांचे हाल परवडले, पण आपल्यासारखाच दुसरा शौकीन भेटणं परवडत नाही. मला एका लग्नात भेटला. त्याच्या टी-शर्टवर ‘डार्क साइड’चा त्रिकोणी लोलक होता, म्हणून मीच हौसेने ओळख काढली. तो माझ्याकडे दयेने बघत म्हणाला, “फ्लॉइड काय, सगळेच ऐकतात. तुम्ही जर्मन ऐकलेत का?” पवईच्या आयआयटीत २००९ ला पॉर्क्युपाइन ट्री हा इंग्रज बँड आला तेव्हा तो अगदी पुढे उभा होता, हे त्याने अक्षता पडायच्या आत सांगून टाकलं. पुढच्या रविवारी त्याच्या घरी कॅन नावाच्या जर्मन बँडची १९७१ सालची तबकडी ऐकायला बसलो. एक पूर्ण बाजू, एकच ठेका. मध्येच त्याने आवाज कमी करून मेलोट्रॉन हे पेटीसारख्या पट्ट्यांचं वाद्य कसं चालतं ते समजावलं: प्रत्येक पट्टीखाली टेपचा एक तुकडा, तो आठेक सेकंद वाजतो, संपतो, बोट उचललं की मागे फिरतो. मला माहीत होतं. हेच मी लोकांना सांगत आलोय, अशाच सुरात, असाच आवाज कमी करून. चिवडा त्याच्याकडेही होता. मी काजू वेचायला लागलो, तसा तो माझ्या भुवया बघायला लागला.

राहता राहिले सासरे. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, कारण पुण्यात राहून सवाईच्या रात्री जागवलेला माणूस २० मिनिटांच्या गाण्याला घाबरत नाही. विलंबित एकतालात एकेका आवर्तनाची वाट बघणारे ते. आमिष म्हणून आधी बीटल्सचं १९६६ चं ‘टुमॉरो नेव्हर नोज’ लावलं. तंबोऱ्यावर जवळपास एकाच षड्जाला धरून बसलेलं. “तंबोरा बरा लागलाय,” म्हणाले. उरलेल्या गाण्यावर मौन.

मग ‘डार्क साइड’मधलं ‘मनी’ लावलं. गल्ल्याचा खणखणाट संपून ठेका सुरू झाला, तशी त्यांची बोटं मांडीवर चालायला लागली. “सात मात्रा! अहो जावई, रूपकच्या वजनाचं आहे हे!” माझा ऊर भरून आला. सॅक्सोफोन झाला, तोही सातात. मग गिलमोरची गिटार आली आणि मांडीवरची बोटं थबकली. गिटारला हे लोक सात सोडून सरळ चारावर येतात.

“हा केरव्यावर का आला?”

“मुद्दाम, बाबा. गिटारसाठी.”

“चुकला असेल.”

गिटार संपली, गाणं परत सातावर आलं. सासऱ्यांनी पुन्हा मोजून खात्री केली. “आला परत. म्हणजे चुकला नव्हता.” थोडा विचार करून म्हणाले, “चुकला असता तर माफ केलं असतं.”

त्यांना वश करायला माझ्याकडे हुकमाचा पत्ता होता. येस या बँडने १९७३ साली ‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’ काढलं. चार गाणी, चार बाजू, एकूण ८० मिनिटांच्या वर. त्याचं मूळ परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातल्या एका तळटीपेत आहे. श्रुती, स्मृती, पुराणं आणि तंत्रं यांविषयीची ती टीप गायक जॉन अँडरसनने वाचली आणि त्याला चार गाणी सुचली. सासऱ्यांकडे पुस्तक होतंच. चष्मा लावून तळटीप शोधली, ती वाचली, घड्याळ बघितलं.

“एवढ्याशा टिपेवर ८० मिनिटं?”

“हो.”

“पुस्तक वाचलं असतं तर काय केलं असतं याने?”

मी पहिली बाजू लावली. त्यांनी ती पूर्ण ऐकली हे इथे नोंदवतो, कारण तो मान दुसऱ्या कुणाला मिळालेला नाही. दुसरीच्या मध्यावर त्यांनी विचारलं, “वाजवणाऱ्यांना तरी हे आवडत होतं का?” आता खोटं कसं बोलणार? कीबोर्डवाल्या रिक वेकमनला नव्हतं आवडत. त्याने स्वतःच सांगितलेला किस्सा आहे: मँचेस्टरला कार्यक्रम चालू असताना त्याच्या मदतनिसाने विचारलं की नंतर काय खाणार. याने चिकन विंदालू वगैरे सांगितलं. मदतनिसाला वाटलं आत्ताच हवंय. त्याने जाऊन आणलं आणि वेकमनने ते वाद्यांवर मांडून स्टेजवरच खाल्लं. १९७४ मध्ये तो बँड सोडून गेला.

सासऱ्यांचा चेहरा उजळला. “हा शहाणा दिसतो. याचं स्वतःचं काही आहे का?”

आहे ना. १९७३ चंच, आणि गाणारं जवळपास कुणी नाही, बहुतेक सगळा वाद्यमेळ. मी उत्साहाने शोधायला लागलो. “नाव काय त्याचं?” सासऱ्यांनी विचारलं.

“‘आठव्या हेन्रीच्या सहा बायका’.”

दुपारभर माझ्या एकाही गाण्यावर चकार शब्द न काढलेल्या सासूबाई आतून म्हणाल्या, “सहा-सहा असून मेल्याला जेवण बाहेरून मागवावं लागलं?”