शेऱ्याचा रकाना

लेखा विभागातल्या सरांनी परवा माझ्या मॉनिटरला फूटपट्टी लावली. लाकडी, एका टोकाला शाई लागलेली. माझ्या खुर्चीमागून, माझ्या खांद्यावरून हात पुढे काढून त्यांनी पट्टी काचेला टेकवली, एक डोळा मिटला, आकडा वाचला आणि सोबत आणलेल्या डायरीत लिहून घेतला. मी खुर्चीत बसलेली आहे, हे त्यांच्या लक्षात आलं नसावं असं मला अजूनही मानायचं आहे.

प्रकरण साधं होतं. खर्चाच्या नोंदींचं जाडजूड रजिस्टर बंद करून त्याजागी छोटा प्रोग्रॅम करायचा. अनुक्रमांक, दिनांक, तपशील, रक्कम, शेरा. पाच रकाने. मी डब्ल्यूएक्सपायथॉन घेतलं, म्हणजे पायथॉन भाषेत खिडक्या-बटणांचे प्रोग्रॅम करायचं तयार साहित्य, कारण त्यात तयार ग्रिड, म्हणजे चौकटींचा तक्ता, मिळतो. दोन-चार ओळी लिहिल्या की पडद्यावर चौकटी उमटतात, वर ए, बी, सी, डावीकडे एक, दोन, तीन. बघणारा म्हणतो, "अरे वा, झालंच की!" सगळे खूश असण्याची या कामातली ही पहिली आणि शेवटची वेळ.

कारण यानंतर त्या ग्रिडला प्रत्येक गोष्ट स्वतंत्रपणे सांगावी लागते. वरच्या ए-बी-सीच्या जागी आपली नावं, एकेका रकान्याला वेगळा हुकूम. डावीकडचे आकडे नको असतील तर त्या पट्टीची रुंदी शून्य करा. रक्कम उजवीकडे टेकली पाहिजे, दशांशानंतर दोन अंक दिसले पाहिजेत, हेही तुम्हीच सांगा, नाहीतर तो आकड्यांना मजकूर समजून डाव्या भिंतीला चिकटवून ठेवतो. पडद्यावरची पहिली ओळ आत शून्यावी असते. सर फोनवर "सतरावी ओळ बघा" म्हणतात, मी सोळावी बघते, आणि मधल्या एकाचा हिशेब मनातल्या मनात ठेवते. ग्रिड जन्माला घालण्याचा हुकूम एकदाच द्यायचा असतो, दुसऱ्यांदा दिलात की तो हरकत घेतो. आणि बेरीज? बेरीज येत नाही. सूत्रं नाहीत. दिसायला स्प्रेडशीट, आत नुसत्या चौकटी.

या बेरजेवरून आठवलं. १९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचं व्हिजिकॅल्क हे स्प्रेडशीट अ‍ॅपल टू या संगणकावर आलं, तेव्हा त्यात ६३ रकाने आणि २५४ ओळी होत्या. लोकांनी ते घेतलं ते चौकटींसाठी नव्हे. एक आकडा बदलला की त्याच्यावर अवलंबून असलेले बाकीचे आकडे आपोआप बदलत होते, यासाठी घेतलं. आज एक्सेलमध्ये १०,४८,५७६ ओळी आणि १६,३८४ रकाने आहेत, आणि माझ्या ओळखीतले निम्मे लोक त्यात नावांच्या याद्या करतात. म्हणजे जग फिरून पुन्हा चौकटींपाशीच आलं. चौकट दिसली की माणसाला वाटतं, हे आपल्याला कळतं. बटण कसं चालतं असं कुणी विचारत नाही, पण तक्त्याबद्दल प्रत्येकाचं मत असतं. रेघा तर आहेत, त्यात काय एवढं!

तर सर.

"पाच," ते म्हणाले.

"काय पाच, सर?"

"शेऱ्याचा रकाना. पाच सेंटिमीटर आहे. रजिस्टरात सहा आहे."

मी म्हटलं, "सर, स्क्रीनवर सेंटिमीटर नसतात, पिक्सेल असतात, म्हणजे ठिपके. हा रकाना १८० पिक्सेलचा आहे."

"बरं. १८० पिक्सेल म्हणजे किती सेंटिमीटर?"

"ते मॉनिटरवर अवलंबून असतं."

"म्हणजे किती?"

"या मॉनिटरवर पाच."

"मग मी काय म्हणालो?" असं म्हणून त्यांनी डायरीतल्या पाचाखाली रेघ मारली. पट्टी धरून.

त्यानंतर ते आपल्या जागेवर गेले. मला वाटलं विषय संपला. दहा मिनिटांत परत आले. चेहऱ्यावर गैरव्यवहार उघडकीला आणल्याचं समाधान.

"मॅडम, माझ्याकडे सव्वातीन आहे."

"असेल सर."

"तुमच्याकडे पाच, माझ्याकडे सव्वातीन. मधले पावणेदोन सेंटिमीटर कुठे गेले?"

सूर असा, की मी ते ड्रॉवरमध्ये ठेवलेत आणि आता मुकाट्याने काढून द्यावेत. मी शांतपणे समजावलं. माझा मॉनिटर २४ इंची, त्यांचा लॅपटॉप साडेपंधरा इंचांच्या आसपासचा. आडव्या पिक्सेलची संख्या दोन्हीकडे तीच, १,९२०. तेवढेच ठिपके कमी जागेत बसवायचे तर प्रत्येक ठिपका लहान होणार, आणि १८० लहान ठिपक्यांची रुंदी कमीच भरणार. कुणालाही पटावं असं सांगितलं. वर कागदावर दोन आयत काढले, एकावर 'माझा', दुसऱ्यावर 'तुमचा' लिहिलं, दोन्हींत ठिपके काढून दाखवले.

सरांनी त्या आयतांना पट्टी लावली.

"हे दोन्ही सारखेच आहेत," ते म्हणाले.

यावर माणसाने काय बोलावं? मी पाणी प्यायले. एवढ्यात पलीकडच्या टेबलावरच्या मुलाने मान वर करून "ग्रिड कशाला, सरळ वेबवर करायचं ना," एवढा सल्ला दिला आणि मान खाली घातली. या मुलाच्या आधीपासून हे सगळं अस्तित्वात आहे. ज्युलियन स्मार्ट यांनी १९९२ साली एडिंबरा विद्यापीठात ज्याची सुरुवात केली, त्या डब्ल्यूएक्सविजेट्स नावाच्या मूळ साहित्यावर हे पायथॉनचं प्रकरण उभं आहे. इतकी वर्षं टिकलेल्या वस्तूला थोडा मान द्यावा की नाही? पण नाही, सल्ला फुकट असतो आणि तो देणाऱ्याला रकाने मोजावे लागत नाहीत.

सरांच्या लॅपटॉपवर सगळं १२५ टक्के मोठं दिसेल अशी सेटिंग होती, आणि माझे १८० पिक्सेल तिला जुमानत नव्हते. त्यासाठी वेगळी सोय आहे. आकडा थेट न देता त्या-त्या पडद्याच्या प्रमाणात बदलून द्यायचा. तसं केलं. सरांनी मोजलं.

"चार," ते म्हणाले. "वाढतंय. अजून दोन द्या."

"सर, सहाच सेंटिमीटर का हवेत पण?"

"शेरा लांब असला तर?"

"बसेल त्यात."

"कुठे बसतोय? हा तपशील बघा, रकमेत घुसलाय!"

घुसला होता खरा. या ग्रिडची ही एक खोड आहे. मजकूर लांब असेल आणि उजवीकडची चौकट रिकामी असेल, तर तो सरळ तिच्यावर पसरतो. रेल्वेत शेजारची सीट रिकामी दिसली की पाय लांब करणारे लोक असतात, तसा. सरांनी त्या नोंदीची रक्कम अजून भरली नव्हती, म्हणून 'कपाटाच्या दाराची दुरुस्ती' ऐसपैस आडवी झाली होती.

"ऑडिटला मी काय सांगू? रक्कम रुपये दाराची दुरुस्ती?"

पसरणं बंद करायचा हुकूम आहे, तो दिला. "आता अर्धंच दिसतंय," सर म्हणाले. मग मजकूर मोडून दुसऱ्या ओळीत नेणारा रेंडरर, म्हणजे चौकटीत मजकूर काढून दाखवणारा भाग, लावला. तो मजकूर मोडतो, पण चौकटीची उंची वाढवणं त्याच्या कामात बसत नाही, ते ग्रिडला वेगळं सांगायचं. सांगितलं. "ओळी लहानमोठ्या का झाल्या?" सर म्हणाले. "रजिस्टरात सगळ्या सारख्या असतात."

मी म्हटलं, "सर, रजिस्टरात तुम्ही लांब मजकूर कसा लिहायचात?"

"बारीक अक्षरात."

हे उत्तर त्यांनी इतक्या सहज दिलं की क्षणभर मलाच वाटलं, अक्षर बारीक करणारा हुकूम का शोधला नाही मी आत्तापर्यंत.

"पूर्वी छापखान्यात सांगितलं की पुढच्या रजिस्टरात रेघ सरकून यायची," जाता जाता ते म्हणाले. "संगणकाने सगळं सोपं होणार होतं ना?"

हा टोमणा मला लागला. अजून लागतोय. कारण सोपं करण्यासाठी जे खरंच केलं, ते कुणाला दिसलंच नाही. ऐका. चौकटीत आकडा टाइप करत असताना तो आकडा तक्त्यात गेलेला नसतो. चौकटीवर एक छोटा एडिटर उघडलेला असतो आणि आकडा त्याच्या पोटात असतो. एंटर दाबलं, दुसऱ्या चौकटीत गेलात, की तो तक्त्यात उतरतो. आता समजा शेवटची रक्कम टाइप केली आणि एंटर न दाबता थेट वरच्या टूलबारातल्या 'सेव्ह'वर क्लिक केलं. टूलबार फोकस घेत नाही, म्हणजे क्लिक केलं तरी टाइप करायची जागा चौकटीतच राहते, म्हणून एडिटर उघडाच राहतो. फाइल जतन होते, पण जुन्या तक्त्यानिशी. पडद्यावर नवा आकडा, फाइलमध्ये जुना किंवा काहीच नाही. ना चूक दाखवणारी खिडकी, ना आवाज. दुसऱ्या दिवशी फाइल उघडली की रक्कम गायब, आणि ज्याने ती भरली त्याला वाटतं आपणच विसरलो. शेकडो नोंदींत रोज शेवटचीच एक नोंद जाते, म्हणजे संशयसुद्धा येत नाही. याचा उपाय एका ओळीचा आहे, जतन करण्याआधी एडिटर बंद करायचा. पण ती एक ओळ कुठे घालायची हे कळेपर्यंत मी जेवताना, झोपताना त्या शेवटच्या रकमेचाच विचार करत होते. मदतीच्या कागदांत प्रत्येक हुकुमाचा अर्थ दिलेला आहे. रकान्याची रुंदी ठरवणारा हुकूम 'रकान्याची रुंदी ठरवतो', असा. कधी, कशासाठी, कुणाचा पगार अडकेल म्हणून, हे ज्याचं त्याने शोधायचं.

बैठकीत मी हे सगळं सांगितलं. प्रोजेक्टरवर दाखवलंसुद्धा, आधीचं आणि नंतरचं. भिंतीवर शेऱ्याचा रकाना वीतभर रुंद दिसत होता आणि सर प्रथमच प्रसन्न होते. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग मोठ्या साहेबांनी विचारलं, "एकाआड एक ओळ पिवळी केलीय ती तुमची कल्पना?"

हो म्हटलं.

"फार छान. डोळ्यांना बरं वाटतं. जरा फिका करता येईल?"

पिवळ्यावर वीस मिनिटं चर्चा झाली. लेखा विभागाला लिंबू रंग हवा होता, प्रशासनाला साय. कुणीतरी हिरवा म्हणालं, त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. गायब होण्यापासून वाचलेल्या रकमेबद्दल इतिवृत्तात एक शब्द नाही. रंगाबद्दल तीन ओळी आहेत. मी ते इतिवृत्त ठेवून दिलंय, कधी पगारवाढीचा विषय निघाला तर दाखवायला, अर्थात तेव्हाही ते रंगाच्याच ओळी वाचतील.

शेवटी मीच सरांना सांगितलं, की रकान्याच्या वरच्या पट्टीत रेघेवर माऊस नेला की बाण दिसतो, तो धरून ओढा, हवा तेवढा रुंद करा. त्यांनी पट्टी लावून बरोबर सहा सेंटिमीटर केला. बराच वेळ त्याकडे बघत बसले. मला वाटलं, सुटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. "मॅडम, रकाना परत चारावर आला."

येणारच. ओढलेली रुंदी ग्रिड लक्षात ठेवत नाही. प्रोग्रॅम बंद झाला की विसरला. ती फाइलमध्ये लिहून ठेवायची आणि उघडताना परत द्यायची, हेही आपणच करायचं. केलं. सरांच्या लॅपटॉपवर आता एक बारीकशी फाइल आहे, तिच्यात शेऱ्यापुढे ३३४ लिहिलेलं आहे. त्यांच्या पडद्यावर ३३४ पिक्सेल म्हणजे सहा सेंटिमीटर, पट्टीने तपासलेले. गेले काही दिवस लेखा विभागातून फोन नाही.

काल नोटीस लागली. पुढच्या आठवड्यात त्या विभागाला नवे मॉनिटर मिळताहेत, २७ इंची.