दोडका कुणी पिकवला?

परवा दोडक्याचा फोटो टाकला. हातभर लांब, कोवळा, शिरा उठून दिसणारा. वर लिहिलं, 'घरच्या परसातला'. लोकांनी तोंडभरून कौतुक केलं. ऑफिसात एक जण म्हणाला, "साहेब, तुम्ही तर शेतकरीच झालात की ओ!" मीही हसून मान डोलावली. घरी येऊन हे सांगितलं तर बायको भाकरी थापता थापता म्हणाली, "तुम्ही फोटो चांगला काढता." आणि तव्यावरची भाकरी परतली.

तर आज खरं काय ते लिहितो.

सोलापुरात विजापूर रोडच्या बाजूला आमचं घर. मागं दहा बाय वीस फुटांची मोकळी जागा. बांधकाम झालं तेव्हा गवंड्यांनी उरलासुरला सगळा राडारोडा तिथंच ढकलला होता. विटांचे तुकडे, गोठलेलं सिमेंट, फरशीच्या कपच्या. खाली मुरूम. टिकाव मारला की ठिणगी उडायची आणि तळहाताला झिणझिण्या यायच्या. मी उत्साहाच्या भरात गावाकडून, मंगळवेढ्याच्या रानातून टेम्पोभर काळी माती आणवली आणि जशीच्या तशी पसरली. पहिल्याच पावसात तिचा लगदा झाला, मुळं कुजून मिरची आडवी पडली, आणि पाऊस उघडल्यावर त्याच मातीला बोट जाईल एवढ्या भेगा. आई म्हणाली, "आरं, ती जमीन ज्वारीची. मिरचीला पाय मोकळं लागत्यात." मग ज्याला इतके दिवस शिव्या घातल्या तोच मुरूम चाळून त्या मातीत मिसळला, शेणखत घातलं, तेव्हा कुठं वाफा वाफ्यासारखा दिसायला लागला.

आईचं माहेर-सासर दोन्ही मंगळवेढ्याकडचं. तिकडची मालदांडी ज्वारी एकदा पेरली की पुढं पाणी द्यायचं काम नाही, जमिनीतल्या ओलीवर आणि थंडीवर येते. त्यामुळं भाजीला रोज पाणी पाजायचं हे तिला अजूनही थोडं लाडाचंच वाटतं. पण पाणी कसं वापरायचं ते तिच्याकडूनच शिकावं.

कारण सोलापुरात परसबाग म्हणजे पाणी. बाकी सगळं नंतर. पाऊस वर्षाकाठी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, त्यातही सप्टेंबरात जोर. शहराचं पाणी उजनी धरणातून शंभरएक किलोमीटर पाइपातून येतं, भीमेवरच्या टाकळीहून येतं, हिप्परग्याच्या तलावातूनही येतं, आणि आमच्या नळाला चार-पाच दिवसांआड. तेही दुपारी येईल नाहीतर रात्री अडीचला. एकदा मुलानं वहीवर हिशेब मांडला. एप्रिल-मेच्या उन्हात वाफ्यातून दिवसाला सहा-सात मिलिमीटर पाणी उडून जातं असं धरलं, तर आमच्या दोनशे चौरस फुटांना रोजचं सव्वाशे लिटर पाणी लागतं. म्हणजे दोनशे लिटरचा ड्रम दोन दिवसही पुरत नाही. पाच दिवस काढायचे तर तीन ड्रम भरूनसुद्धा थोडं कमीच. आणि घरातली माणसं अजून मोजलेलीच नाहीत.

बोअर आहे, पण त्याचं पाणी जड. महिनाभर तेच घातलं की मातीवर पांढरी खार चढते. पालक ते सोसून घेतो, घेवडा सोसत नाही, त्याच्या पानांच्या कडा जळतात. म्हणून बोअरचं पाणी पालकाला, नळाचं घेवड्याला, आणि डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी कोथिंबिरीला, अशी आमच्याकडं वाटणी आहे. मुलगी म्हणते, आपल्या घरात भाज्यांनासुद्धा रेशनकार्ड आहे.

आईची एक युक्ती मात्र मला फार आवडते. संक्रांत झाली की ती आळीतल्या चार-पाच घरांतून वापरलेली सुगडं मागून आणते. वांग्या-टोमॅटोच्या बुंध्याजवळ गळ्यापर्यंत पुरते, पाण्यानं भरते आणि वर फुटक्या कौलाचा तुकडा ठेवते. मडकं हळूहळू पाझरत राहतं, मुळं त्याच्याकडं सरकतात, वरची माती कोरडी राहिली तरी झाड तरारलेलं. वाफ्यावर उसाचं पाचट पसरलेलं असतंच. विकतच्या ठिबक संचापेक्षा हे बरं, असं माझं मत. (ठिबकच्या नळ्या आमच्याकडंही होत्या. बोअरच्या क्षारांनी दुसऱ्याच उन्हाळ्यात तुंबल्या.)

आता मुद्द्यावर येतो. हे तीन ड्रम भरतं कोण?

गेली कित्येक वर्षं मला वाटायचं की ते भरलेले असतात. सकाळी उठून चहाचा कप घेऊन मी मागच्या दारी जायचो, एखादं पिवळं पान खुडायचो, पाइप धरून दहा मिनिटं उभा राहायचो. त्यालाच मी बागकाम म्हणायचो. मागच्या मार्चात आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. वाकायचं नाही, मातीत हात घालायचा नाही, अशी डॉक्टरांची ताकीद. बायको शाळेत शिकवते, तिच्यामागं नेमकं परीक्षांचं काम. मी छातीठोकपणे सांगितलं, "बागेचं मी बघतो."

पहिल्याच पाण्याच्या रात्री झोपून राहिलो. सकाळी तिन्ही ड्रम ठणठणीत. दुसऱ्या खेपेला उठलो, पण पाइप ड्रममध्ये सोडून तिथंच खुर्चीत डुलकी लागली, आणि पाणी शेजारच्यांच्या फाटकापर्यंत गेलं. दुपारी दीडला जेवायला घरी आलो की पाणी घालायचो, कारण तेव्हाच वेळ असायचा. आई पलंगावरून ओरडायची, "आरं, त्या वांग्याला तहान लागलीया का तुला? संध्याकाळी घाल." वांग्याचे शेंडे माना टाकायला लागले तसं मी आणखी पाणी घातलं. ती तहान नव्हतीच. शेंडा पोखरणारी अळी होती. मलूल झालेला शेंडा तिथल्या तिथं खुडून जाळायचा असतो, हे आई रोज सकाळी मुकाट्यानं करत होती आणि मी ते कधी पाहिलंच नव्हतं. जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण भेंडीवर आला, कारण मुंग्यांची रांग मोडायचं कामही कुणीतरी करत होतं. ते कुणीतरी म्हणजे बायको, साबणाच्या पाण्याची बाटली घेऊन, शाळेला जायच्या आधी. काकडी लागली ती कडूजहर. पाण्याचा खाडा आणि ऊन दोन्ही एकदम बसलं की काकडी कडू होते, बियाण्याला शिव्या देऊन उपयोग नाही. महिनाभरात निम्मी बाग गेली.

घरात मला कुणी काही बोललं नाही. ते जास्त लागलं.

म्हणून 'कमी कष्टात, कमी वेळात घरची भाजी' असे व्हिडिओ बघितले की माझं डोकं फिरतं. कष्ट कमी दिसतात, कारण कष्ट करणारं माणूस कॅमेऱ्यामागं असतं. 'मन शांत होतं' हेही ऐकतो. होतं की. पण रात्री अडीचला बादल्या ओतणारीचं नाही, सकाळी चहा घेऊन फिरणाऱ्याचं होतं.

पैसे वाचतात का, असंही विचारतात. पहिल्या वर्षी मी वही ठेवली होती. माती, शेणखत, ड्रम, हिरवी जाळी, पाइप मिळून साडेनऊ हजार गेले. भाजी बाजारभावानं धरली तर फार तर चार हजारांची. गंमत अशी की आपली मेथी ज्या आठवड्यात तयार होते, त्याच आठवड्यात लक्ष्मी मंडईत मेथीचे ढीग लागलेले असतात. थंडी सगळ्यांना सारखीच पडते ना! आणि मे महिन्यात कोथिंबीर महागते तेव्हा आपलीही उगवत नाही. दुसऱ्या वर्षी वही बंद केली.

मग करायचं कशाला?

अंबाडीसाठी. हे मी गंभीरपणे सांगतोय. पाणी कमी पडलं तरी तग धरणारी, कुंपणाच्या कडेला कुठंही येणारी ही भाजी आमच्या आळीत तीन नावांनी जाते. आम्ही अंबाडी म्हणतो. डाव्या हाताच्या घरातल्या अक्का कन्नड बोलतात, त्यांची ती पुंडीपल्ल्या. समोरचं कुटुंब तेलुगू, आजोबांच्या पिढीत मागावर काम करायला इकडं आलेलं, त्यांच्याकडं पुंटीकूरा. आई ज्वारीच्या कण्या घालून करते आणि वरून लसणाची चरचरीत फोडणी. अक्का तूरडाळीत शिजवतात. समोरच्या काकू लाल मिरची घालून आंबट-तिखट चटणी वाटतात. एका वाफ्यातल्या जुड्या तीन घरांत जातात आणि संध्याकाळी तीन वाट्या परत येतात. मंडईतून आणलेल्या जुडीच्या बदल्यात कुणी वाटी पाठवत नाही.

आणि दोडक्याच्या फुलासाठी. दोन वर्षं वेल नुसता माजला, दोडके बोटाएवढे होऊन पिवळे पडून गळायचे. मी मधमाश्यांवर खापर फोडून मोकळा. मुलीनं बघितलं की भोपळ्याचं फूल सकाळी उमलतं, पण दोडक्याचं संध्याकाळी पाचनंतर. ज्या फुलामागं इवलासा दोडका असतो ते मादीफूल, नुसत्या देठावरचं ते नर. आता ती क्लासला जायच्या आधी नरफूल खुडते, पाकळ्या मागं सारते आणि मादीफुलाला अलगद टेकवते. एका नरात दोन-तीन माद्या होतात. ते करताना ती श्वास रोखून धरते. एरवी एक मिनिट गप्प बसत नाही ही पोरगी.

भोगीचं एक राहिलं. भोगीची भाजी घरची करायची असं आम्ही दरवर्षी ठरवतो. सिद्धेश्वराच्या गड्ड्याची, म्हणजे जत्रेची गडबड, नंदीध्वजाच्या उंच काठ्या अडुसष्ट लिंगांच्या फेरीला निघायच्या, घरात पाहुणे, आणि आई वाफ्यात वाकून मोजत असते. यंदा वांगी आणि घेवडा घरचा निघाला. गाजर, सोलाणे, बोरं मंडईतली. आई म्हणाली, "निम्मी तर झाली."

तर तो फोटोतला दोडका. वेल आईनं लावला, मांडव मुलानं बांधला, फळ मुलीनं धरवलं, पाणी बायकोनं घातलं. मी फोटो काढला.

आता घरात पाण्याच्या पाळ्या लावल्यात. आज रात्रीची माझी. गजर दोन पंचवीसचा लावलाय. एवढं लिहून मागं चक्कर टाकून आलो तर पाइपाचं तोंड आधीच पहिल्या ड्रममध्ये घालून सुतळीनं करकचून बांधलेलं. खुर्ची मात्र कुणीतरी उचलून आत नेलीय.