एवढे युरो मोजून बसच्या खिडकीतून काय बघणार?

आज सकाळी फॅमिली ग्रुपवर चुलतभावाने मोठ्या कौतुकाने बुकिंगचा फोटो टाकला. जुलैमध्ये चौघं म्युनिकला येतायत आणि कुणा एजंटने नॉयश्वानस्टाइन राजवाड्याची बसट्रिप त्यांच्या गळ्यात मारलीय. एका माणसाचे जेवढे घेतलेत ना, तेवढ्यात चौघं रेल्वेने आरामात जाऊन आले असते. अरे, बहीण इथे राहते तुझी! एक फोन करायला काय जड झालं होतं?

बरं, एजंट सांगणार नाहीच, त्याचं पोट त्यावर आहे. पण बायर्न-तिकीट, म्हणजे इथल्या बव्हेरिया राज्याचं दिवसभराचं रेल्वे तिकीट, ही गोष्ट काही गुपित नाही. एका तिकिटावर पाच जण, पहिल्याचे पैसे जरा जास्त, पुढच्या प्रत्येकाचे थोडे थोडे वाढत जातात. दिवसभर सगळ्या बव्हेरियात फिरा, अगदी साल्झबुर्गपर्यंत, म्हणजे चक्क ऑस्ट्रियात. पण नाही. आपल्याला गाईड पाहिजे, हातात झेंडा घेतलेला. 'वीस मिनिटांत फोटो काढून परत या' असं कुणीतरी दरडावल्याशिवाय फिरल्यासारखं वाटतच नाही आपल्याला.

माझे अण्णा आले होते तेव्हाचं सांगते. मध्य रेल्वेत गार्ड होते, अख्खी नोकरी भुसावळला. राजवाडे, चर्च वगैरे दाखवायला लागले की 'हं, छान आहे' म्हणायचे आणि बाकडं शोधायचे. मग एका रविवारी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली आणि त्यांना टेगर्नसे या तळ्याकाठच्या गावाच्या गाडीत बसवलं. तासाभराचा रस्ता. ही गाडी म्युनिकहून एकच निघते आणि वाटेत तिचे तुकडे होतात. होल्त्सकिर्शेनला एक भाग सुटून बायरिशत्सेलला जातो, पुढे शाफ्टलाखला उरलेल्यातला एक लेंगरीसला आणि एक टेगर्नसेला. अण्णांना हे सांगितल्यावर माणूस खिडकी सोडायला तयार नाही. शाफ्टलाखला तर उतरलेच खाली, मी मागून 'अण्णा, गाडी सुटेल' म्हणून ओरडतेय. कपलिंग आपोआप सुटलं, खाली कुणी उतरलं नाही, काही नाही. परत येऊन बसले आणि विचारलं, 'गार्ड कुठाय?' म्हटलं, नाहीये. गाडी ड्रायव्हरच सोडतो. पुढचं ग्मुंड स्टेशन येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

आता सांगा, ही मजा कुठल्या बसमध्ये मिळणार होती?

मान्य आहे, इथल्या गाड्या उशिरा धावतात, जर्मन वेळेचे गोडवे आता जर्मन लोकही गात नाहीत. आणि नॉयश्वानस्टाइनसाठी फ्यूसेन स्टेशनला उतरल्यावर राजवाड्यापर्यंत दुसरी बस, वर चढण, गुडघेदुखीवाल्यांचे हाल होतात, तेही खरं. पण मुळात तिथेच कशाला जायचं? लुडविग राजाने १८६९ला बांधायला घेतला, १८८६ला तो मेला तरी पुरा झाला नव्हता. आतून अर्ध्या तासात फिरवून बाहेर काढतात, तेही आधी तिकीट काढलेलं असेल तर. एवढा आटापिटा कशासाठी, तर मागे राजवाडा दिसणाऱ्या एका डीपीसाठी!

त्यापेक्षा आउग्सबुर्गला जा ना. पाऊण-एक तास. तिथे याकोब फुगर नावाच्या सावकाराने १५२१मध्ये गरिबांसाठी बांधलेली वसाहत अजून नांदती आहे. भाडं वर्षाला ८८ सेंट, वर रोज तीन प्रार्थना म्हणायच्या. रात्री दहाला दरवाजा बंद, उशिरा आलात तर दंड भरून आत. अण्णा तिथे दोन तास रमले. प्रत्येक दाराची घंटा ओढायची मूठ वेगळ्या आकाराची आहे, अंधारात हाताला आपलं घर कळावं म्हणून असं सांगतात. त्यांनी एकेक हात लावून बघितली. आईने मात्र 'सावकाराने पुण्य कमवायला बांधली असेल' म्हणून एका वाक्यात निकाल लावला, आणि तो बरोबरच होता.

जाऊ दे, चिडून काय उपयोग. भावाचाही दोष नाही म्हणा, परका मुलुख, बरोबर बायकापोरं, धास्ती वाटतेच. अण्णाही आधी 'भाषा येत नाही, चुकलो तर?' म्हणत होतेच. शेवटच्या आठवड्यात मला ऑफिस होतं तर आईला घेऊन एकटेच टेगर्नसेला गेले. शाफ्टलाखला बरोबर तुकड्यात बसले होते. संध्याकाळी तळ्यावरची बोट, मठातल्या दारूभट्टीशेजारचं गर्दीचं अंगण, सगळं मलाच ऐकवलं.

तर यंदा जे कोणी येतायत त्यांनी ऐका. बायर्न-तिकीट सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊनंतरच चालतं, शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासून. त्यावर सगळ्यांची नावं लागतात, सहावा माणूस असेल तर त्याचं वेगळं काढा. डॉइचलँड-तिकीट, म्हणजे देशभर चालणारा महिन्याचा पास, २०२३मध्ये ४९ युरोला सुरू झालं ते वाढत वाढत २०२६मध्ये ६३ झालं आणि ते दरमहा आपोआप चालू राहतं, तेव्हा चार दिवसांच्या पाहुण्यांनी त्या भानगडीत पडू नये. आणि हात जोडते, यातलं कुठलंही तिकीट घेऊन आयसीईत, म्हणजे लांब पल्ल्याच्या वेगवान गाडीत, चढू नका. फक्त लोकल आणि रिजनल गाड्या. टीसी आला की तो तुमचं 'सॉरी, टुरिस्ट' ऐकून घेत नाही.