‘स्कोअर ७९१ असूनही नकार कसा?’ या आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

आमच्या पुण्यातील कर्ज व क्रेडिट कार्ड सल्ला केंद्राला एक तारा देऊन आपण लिहिलेला अभिप्राय मी दोनदा वाचला. आपला सिबिल स्कोअर ७९१ आहे, घरकर्जाचा २१,५०० रुपयांचा आणि दुचाकीचा ३,२०० रुपयांचा हप्ता आपण आजवर एकदाही चुकवलेला नाही, दरमहा ५२,००० रुपये हातात येतात आणि पाच महिन्यांपूर्वी आपण अधिक पगाराच्या नोकरीत रुजू झालात. असे असूनही आमच्या पात्रता तपासणीत आपण निवडलेल्या कार्डासमोर ‘मंजुरीची शक्यता कमी’ असे आले. कारण विचारल्यावर ‘सिस्टीम तसे दाखवते’ एवढेच उत्तर मिळाले, वर मुदत ठेवीवरचे, म्हणजे बँकेत ठेव तारण ठेवून मिळणारे, कार्ड घेण्याचा आग्रह झाला, आणि चार दिवसांनी स्कोअर ७८४ झालेला दिसला. ही तपासणी म्हणजे लोकांना घाबरवून दुसरेच कार्ड गळ्यात मारण्याची युक्ती आहे, असा आपला आरोप आहे.

आपल्या कागदपत्रांतील काहीही मी येथे उघड करणार नाही. आपण स्वतः जाहीरपणे लिहिलेल्या आकड्यांपुरतेच बोलेन.

आपल्या तक्रारीतील एक भाग पूर्णपणे खरा आहे आणि तो आधी मान्य करतो. ‘सिस्टीम तसे दाखवते’ हे उत्तर नव्हे. सल्ल्यासाठी शुल्क घेणाऱ्या केंद्रात तर ते मुळीच चालण्यासारखे नाही. आपल्याला निकाल मिळाला, सल्ला मिळाला नाही. म्हणून आपण भरलेले शुल्क मी काल परत पाठवले आहे. त्या दिवशी पंधरा मिनिटे देऊन जे समजावून सांगायला हवे होते ते आता येथे लिहितो, कारण हाच प्रश्न घेऊन आठवड्याला दोघे-तिघे तरी आमच्याकडे येतात आणि त्यांतील बहुतेकांना आपल्यासारखाच मनस्ताप झालेला असतो.

स्कोअर म्हणजे आपण पूर्वी घेतलेले कर्ज कसे फेडले याचा हिशेब. ३०० ते ९०० या पट्टीवरील त्या आकड्यात हप्त्यांची नियमितता, कार्डाच्या मर्यादेपैकी प्रत्यक्ष वापर, कर्ज किती जुने आणि कोणत्या प्रकारचे, अलीकडे किती ठिकाणी अर्ज केले, अशा गोष्टी मोजल्या जातात. आपला पगार किती आहे, हे मात्र त्यात कोठेच नसते. वीस हजार पगाराच्या माणसाचा आणि दोन लाख पगाराच्या माणसाचा स्कोअर सारखाच असू शकतो. कार्ड देताना बँक त्यापुढचा प्रश्न विचारते: हा माणूस आजवर प्रामाणिकपणे फेडत आला हे दिसले, पण आणखी एक देणे अंगावर घेण्याइतकी जागा त्याच्या आजच्या उत्पन्नात उरली आहे का?

आपल्याच आकड्यांवर हे पाहू. दोन्ही हप्ते मिळून २४,७०० रुपये होतात, म्हणजे हातात येणाऱ्या ५२,००० रुपयांपैकी ४७.५ टक्के. एखाद्या बँकेने हप्त्यांसाठी निम्म्या पगाराची मर्यादा आखलेली असेल तर आपल्याकडे दरमहा १,३०० रुपयांची जागा उरते. कार्डाला ठरलेला हप्ता नसल्यामुळे त्याचा बोजा मोजताना अनेकदा कार्डावरील बाकी रकमेच्या सुमारे ५ टक्के धरले जातात. एक लाखाची मर्यादा पूर्ण वापरली तर महिना ५,००० रुपये झाले, आणि एकूण देणे २९,७०० रुपयांवर, म्हणजे ५७ टक्क्यांवर जाते. आपण इतका वापर करणार नाही, हे आपल्याला ठाऊक आहे आणि मलाही पटते. परंतु बँक मंजूर करते ती मर्यादा, आणि त्या मर्यादेपर्यंत वापर होऊ शकतो असे धरूनच तिला चालावे लागते. निम्म्या पगाराचे हे प्रमाण सर्व बँकांत सारखे नसते. कोठे ते ४० टक्के असते, कोठे अधिक पगारासाठी ६० टक्क्यांपर्यंत सैल केले जाते. एका बँकेत कमी शक्यता आणि दुसरीत चांगली शक्यता, असे एकाच माणसाच्या बाबतीत घडते ते यामुळेच.

दुसरे कारण नोकरीच्या कालावधीचे. पगार वाढला म्हणून आपण नोकरी बदललीत, आणि घरातला कोणीही त्याला प्रगतीच म्हणेल. बँकेच्या निकषात मात्र त्याच जागी ‘सध्याच्या नोकरीत पाच महिने’ एवढेच उमटते. काही ठिकाणी सहा महिने, काही ठिकाणी एक वर्ष पूर्ण असावे लागते. हा निकष मला स्वतःला बोथट वाटतो, कारण दहा वर्षे अखंड काम केलेल्या माणसाला आणि पहिल्यांदाच नोकरीला लागलेल्याला तो एकाच तराजूत घालतो. पण तो आहे, आणि तो लपवून आपल्याला अर्ज करायला लावणे मला योग्य वाटत नाही.

याखेरीज कोणत्या भागात कार्ड द्यायचे याची बँकेने ठरवलेली पिनकोडांची यादी असते, अर्जदार जेथे नोकरी करतात त्या कंपन्यांची वर्गवारी असते, आणि त्या बँकेत पूर्वी आपले एखादे खाते तडजोडीने बंद झाले असेल तर त्याची तिच्याकडे स्वतंत्र नोंद असते. ही यादी, वर्गवारी आणि बँकेची स्वतःची नोंद स्कोअरमध्ये दिसत नाही, जरी तडजोडीचा परिणाम स्कोअरवर होऊ शकतो.

दोन गोष्टी आपण लिहिलेल्या नाहीत, तरी तपासून पाहाव्यात असे सुचवतो. कोणा नातेवाइकाच्या कर्जाला आपण जामीनदार असाल तर ते कर्ज आपल्या क्रेडिट अहवालातही जामीनदार म्हणून दिसते, आणि काही बँका त्याचा हप्ता आपल्याच देण्यात धरतात. मूळ कर्जदार वेळेवर फेडत असेल तर स्कोअरला धक्का लागत नाही. म्हणून ही बाब वर्षानुवर्षे लक्षातही येत नाही. याच्या उलट प्रकार नोकरदारांच्या पतपेढीचा. त्या कर्जाची नोंद पुष्कळदा सिबिलच्या अहवालात नसते, पण कपात पगारपत्रकावर छापलेली असते, आणि पगारपत्रक तपासणारा अधिकारी ती पाहतोच.

स्कोअरविषयी आणखी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. आपल्या देशात पतमाहिती ठेवणाऱ्या संस्था चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. बोलीत आपण सरसकट ‘सिबिल’ म्हणतो, पण मोबाइलवरील ॲपमध्ये दिसणारा आकडा यांपैकी दुसऱ्याच संस्थेचा असू शकतो, आणि बँक तिसऱ्याच संस्थेचा अहवाल मागवते. चारही आकडे एकसारखे असतीलच असे नाही.

काळही थोडा प्रतिकूल आहे. १६ नोव्हेंबर २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने बँकांच्या क्रेडिट कार्डावरील येण्यांसाठीचे जोखीम-वजन १२५ टक्क्यांवरून १५० टक्के केले. म्हणजे कार्डावर दिलेल्या प्रत्येक रुपयामागे बँकेला पूर्वीपेक्षा जास्त स्वतःचे भांडवल राखून ठेवावे लागते. त्यानंतर काठावरच्या अर्जांबाबत बँकांनी हात आखडता घेतल्याचे आम्हाला रोजच्या कामात जाणवते, आणि आपला अर्ज, स्कोअर उत्तम असूनही, देण्याच्या प्रमाणामुळे काठावरच बसतो.

आता आमच्या तपासणीविषयी. आपण दिलेले उत्पन्न, नोकरी व पत्त्याचा पिनकोड, आणि आपल्या संमतीने मागवलेला आपलाच क्रेडिट रिपोर्ट, हे सारे आम्ही बँकांनी कळवलेल्या निकषांशी पडताळतो. बँका आम्हाला सगळे निकष सांगत नाहीत आणि सांगितलेलेही मध्येच बदलतात. त्यामुळे ‘शक्यता कमी’ हा अंदाज आहे, बँकेचा निर्णय नव्हे. तसेच ‘शक्यता चांगली’ हीसुद्धा हमी नव्हे. हे वाक्य आमच्या पडद्यावर अगदी तळाशी, बारीक अक्षरांत होते. ते निकालाच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत असायला हवे होते.

स्कोअर सात गुणांनी उतरला त्याबद्दल. स्वतःचा अहवाल पाहिल्याने किंवा आपल्या संमतीने अशी तपासणी केल्याने स्कोअर कमी होत नाही. कमी होऊ शकतो तो बँकेकडे प्रत्यक्ष अर्ज गेल्यावर, जेव्हा बँक स्वतः अहवाल मागवते. आमच्यावर विश्वास ठेवा असे मी म्हणणार नाही, कारण हे आपल्याला स्वतः पडताळता येते. अहवालात चौकशांचा, म्हणजे तो कोणी मागवला याच्या नोंदींचा, वेगळा विभाग असतो आणि त्यात संस्थेचे नाव व तारीख असते. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकानुसार एखाद्या वित्तसंस्थेने आपला अहवाल पाहिला की आपण नोंदवलेल्या मोबाइलवर किंवा ईमेलवर तशी सूचना येणे अपेक्षित आहे. त्या चार दिवसांत आमच्यामार्फत कोणत्याही बँकेची चौकशी नोंदली गेलेली आढळली, तर तो आमच्याकडून झालेला गंभीर गैरप्रकार ठरेल. कृपया तो कागद थेट माझ्याकडे आणा. तशी नोंद नसेल तर बहुधा हा नेहमीचा चढउतार आहे. १ जानेवारी २०२५ पासून बँकांना या संस्थांकडे महिन्यातून निदान दोनदा माहिती पाठवावी लागते, त्यामुळे आकडा पूर्वीपेक्षा अधिक वेळा हलतो.

मुदत ठेवीवरच्या कार्डाविषयी आपला राग मला समजतो. कोणतेही कार्ड मंजूर झाले की बँकेकडून आम्हाला मोबदला मिळतो, आणि त्यात हे कार्डही येते. ही गोष्ट कोणी विचारण्याआधीच आम्ही सांगायला हवी. ज्याचा पतइतिहासच नाही किंवा पूर्वी बिघडलेला आहे, त्याच्यासाठी हे कार्ड खरोखर उपयोगाचे असते. आपला इतिहास स्वच्छ आणि भरलेला असताना ते आपल्याला सुचवण्याचे काहीच कारण नव्हते. सहकाऱ्याने ते समोरच्या माणसाचा विचार न करता सुचवले, आणि याबाबत मी त्यांच्याशी बोललो आहे.

आपल्या जागी मी असतो तर आत्ता कोठेही अर्ज केला नसता. एका ठिकाणी नकार आला की रागाच्या भरात आठवड्यात चार-पाच बँकांकडे अर्ज करणारी माणसे मी पाहिली आहेत. प्रत्येक अर्जाची चौकशी नोंदली जाते आणि पाचव्या बँकेला ती गडबड पहिल्या नजरेत दिसते. नव्या नोकरीत निदान सहा महिने, जमल्यास वर्ष पूर्ण होऊ द्यावे. दुचाकीचे कर्ज संपत आले असेल तर ते मिटवावे. तो ३,२०० रुपयांचा हप्ता गेला की प्रमाण ४७.५ टक्क्यांवरून ४१.३ टक्क्यांवर येते, आणि काठावरचा अर्ज बराच आत सरकतो. त्यानंतर पहिली विचारणा आपले पगाराचे खाते असलेल्या बँकेत करावी, कारण आपला पगार दरमहा जमा होताना ती स्वतः पाहत असते.

दरम्यान चारही संस्थांकडून वर्षातून एकदा मिळणारा पूर्ण अहवाल विनामूल्य मागवून घ्यावा. चुकीची नोंद दिसल्यास तक्रार करावी. ३० दिवसांत निवारण झाले नाही तर त्यापुढील प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मागण्याचा आपल्याला हक्क आहे. आणि कधी प्रत्यक्ष अर्ज करून नकार आलाच, तर त्याचे नेमके कारण लेखी मागावे. २०२२ च्या रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार ते लेखी कळवणे कार्ड देणाऱ्या बँकेवर बंधनकारक आहे. आमच्या अंदाजापेक्षा त्या कागदाला अधिक वजन आहे.

आमच्याकडील बदल असा: या सोमवारपासून ‘शक्यता कमी’ असा निकाल आला की आम्हाला माहीत असलेले कारण त्याच पानावर छापून दिले जाईल, आणि ग्राहकाने स्वतः विचारल्याखेरीज दुसरे कार्ड सुचवले जाणार नाही. आपला अहवाल आणि पगारपत्रक घेऊन आपण सकाळी अकरा ते एकच्या दरम्यान केव्हाही यावे. मी स्वतः आपल्याबरोबर बसून ओळीओळीने पाहीन, त्यासाठी कोणतेही शुल्क नाही. आपला अभिप्राय बदलावा, अशी विनंती मी करत नाही.

आपला,
केंद्राचा संचालक