अंड्यांचा ट्रे आणि वरची सुतळी

काका, नमस्कार.

वयाने माझ्या वडिलांएवढे आहात असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून काका म्हणते. स्कूलबसमधल्या सीटबेल्टवरच्या माझ्या लेखाला तुम्ही एवढी सविस्तर प्रतिक्रिया दिलीत. गाड्यांच्या कारखान्यात उभा जन्म काढलेल्या माणसाला दोन ओळींत आभार मानून वाटेला लावणं मला पटत नाही.

बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. अमेरिकेत मोठ्या पिवळ्या बसना देशभर बेल्टची सक्ती नाही, आणि त्यामागे शास्त्र आहे, असं तुम्ही तिथल्या केंद्रीय महामार्ग सुरक्षा खात्याचा दाखला देऊन लिहिलंत. उंच पाठीच्या, जाड गादीच्या सीट जवळजवळ बसवतात. धक्का बसला की मूल पुढच्या सीटच्या पाठीवर जातं आणि ती पाठ धक्का शोषून घेते. ‘अंड्यांचा ट्रे’ असं तुम्ही लिहिलंत. बेल्ट लावले आणि आग लागली तर पन्नास मुलांना कोण सोडवणार? त्यापेक्षा ड्रायव्हर नीट नेमा. आणि शेवटी, ‘बेल्ट म्हणजे आईबापांच्या मनाचं समाधान.’

ट्रेचं शास्त्र खरं आहे. १ एप्रिल १९७७ पासून इथे अमेरिकेत मोठ्या स्कूलबस त्याच नियमाने बनतात, आणि धडक समोरून किंवा मागून बसली तर त्या सीट मुलांना वाचवतात. आमच्या गाडीपेक्षा ती बस कितीतरी सुरक्षित आहे हेही मान्य. माझा मुलगा रोज तिनेच शाळेत जातो.

पण लहानपणी आमच्या गल्लीत सायकलवरून अंडी यायची, तुम्हीही पाहिली असतील. कॅरिअरवर ट्रेवर ट्रे रचलेले आणि वरून सुतळी करकचून आवळलेली. ट्रे होतेच, मग सुतळी कशाला? सायकल कलंडली की ट्रेचा काही उपयोग नसतो, म्हणून. बसचंही तेच आहे. सीटच्या मधली जागा सुरक्षित आहे ती मूल त्या जागेत असेपर्यंत. बाजूने धडक बसली किंवा बस आडवी झाली की मूल त्या जागेत राहतच नाही. ते सीटवरून उडतं, छताला, खिडकीला, दुसऱ्या मुलावर आदळतं.

२१ नोव्हेंबर २०१६ रोजी टेनेसीतल्या चॅटनूगात हेच झालं. प्राथमिक शाळेची ३७ मुलं घरी चालली होती. ड्रायव्हर फोनवर बोलत होता, वळणाच्या रस्त्यावर वेग मर्यादेपेक्षा खूप जास्त होता. बस उलटून झाडावर आदळली. सहा मुलं गेली. बसमध्ये मुलांसाठी बेल्ट नव्हते. त्या अपघाताच्या चौकशीनंतर २०१८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने सगळ्या नव्या मोठ्या स्कूलबसमध्ये थ्री-पॉइंट, म्हणजे मांडी आणि खांदा दोन्हींवरून जाणारे, बेल्ट बसवण्याची शिफारस केली. ज्या केंद्रीय महामार्ग सुरक्षा खात्याचा तुम्ही दाखला दिलात, त्याच्याच तेव्हाच्या प्रमुखांनी तर अपघाताच्या वर्षभर आधी, नोव्हेंबर २०१५ मध्ये, प्रत्येक स्कूलबसमधल्या प्रत्येक मुलाला थ्री-पॉइंट बेल्ट हवा असं जाहीरपणे सांगितलं होतं. केंद्राचा नियम मात्र बदलला नाही.

ड्रायव्हर नीट नेमा, शंभर टक्के. पण काका, ड्रायव्हर चुकला तर मुलाने काय करायचं? चॅटनूगाचा ड्रायव्हर चुकला. आमच्या न्यू जर्सीत १७ मे २०१८ रोजी पाचवीच्या मुलांना सहलीला नेणाऱ्या बसच्या ड्रायव्हरने हायवेवर दुभाजकातल्या मोकळ्या जागेतून बस वळवायचा प्रयत्न केला. डंपरने बाजूने धडक दिली आणि बसचा सांगाडा चासीवरून सुटला. एक मुलगी आणि एक शिक्षिका गेल्या. त्या वर्षी माझा मुलगा बालवाडीत होता. बातमी पाहिल्यावर मी त्याच्या बसमध्ये चढून सीटच्या फटीत हात घातला. बेल्ट आत खोल गेलेला, त्याला वेफर्सचा चुरा आणि वाळलेलं च्युइंगगम चिकटलेलं. महिनोन् महिने कोणी तो ओढून बाहेर काढला नव्हता.

आणि तो बेल्टही नुसता मांडीवरचा. न्यू जर्सीत १९९२ च्या कायद्यापासून तसे बेल्ट होते, पण लहान मुलाची कंबरेची हाडं पुरती भरलेली नसतात. बेल्ट सरकून पोटावर येतो आणि झटका बसला की आतडी आणि मणका दुखावतात. खांद्यावरून येणारा पट्टा तो झटका छातीवर आणि कंबरेवर वाटून देतो. म्हणून २०१८ च्या ऑगस्टमध्ये आमच्या राज्याने नव्या बसना थ्री-पॉइंट बेल्टची सक्ती केली. माझ्या लेखाचा आग्रह या बेल्टचा होता, कुठल्याही बेल्टचा नव्हे.

आता आग. तुमचा हा मुद्दा वाचून मी थांबले, कारण कॅरलटनची गोष्ट मलाही झोपू देत नाही. १४ मे १९८८, केंटकी. उलट्या दिशेने आलेल्या दारुड्याची पिकअप बसवर धडकली आणि बसने पेट घेतला. २७ जण गेले, बहुतेक मुलं, आणि सगळे आगीने आणि धुराने. पण त्या बसमध्ये मुलं बेल्टमुळे अडकली नाहीत. पुढचं दार धडकेत बंद झालं, पेट्रोलची टाकी दाराजवळ होती आणि बाहेर पडायला उरलं एकटं मागचं दार. आगीवर उपाय दारं वाढवण्यात आहे, टाकीला संरक्षण देण्यात आहे. बेल्ट काढून टाकून ती आग थोपवता आली नसती. शिवाय डोक्याला मार लागून बेशुद्ध पडलेलं मूल बेल्ट नसला तरी स्वतःच्या पायांनी बाहेर येत नाही. ते शुद्धीत राहावं यासाठीच तर बेल्ट.

इथे शाळांना वर्षातून दोनदा बसमधून बाहेर पडण्याची कवायत करावी लागते. गेल्या वर्षी मदतीला मी मागच्या दाराखाली उभी होते. बाईंनी शिट्टी वाजवली, ‘खट्‌ खट्‌’ असा आवाज सीटच्या रांगेतून पुढून मागे पळत आला, आणि पहिलीतली एक चिमुरडी दोन्ही हात पुढे करून माझ्या अंगावर उडी टाकायला तयार. तिला बेल्ट सोडायला कोणाचीही मदत लागली नव्हती. अंगठ्याने दाबायचं लाल बटण तिला रोजच्या सवयीने माहीत होतं.

भारतातल्या व्हॅनबद्दल तुम्ही विचारलंत: आठ मुलांच्या जागेत पंधरा कोंबतात, तिथे कसला बेल्ट? मला वाटतं, तिथेच बेल्टची मागणी सगळ्यात जोरात व्हायला हवी. एक बेल्ट म्हणजे एक जागा, एक मूल. बेल्ट मोजले की मुलं मोजावी लागतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात १४ वर्षांखालचं मूल बेल्टशिवाय किंवा मुलांच्या सीटशिवाय नेलं तर हजार रुपये दंडाचं कलम आहे. तुमच्या नातवाच्या व्हॅनवाल्याला हे विचारून बघाल का? तुमच्यासारख्या गाडी आतून-बाहेरून ओळखणाऱ्या माणसाने विचारलं तर तो ऐकेल.

एक चूक मात्र माझी आहे आणि ती तुम्ही बरोबर पकडलीत. ‘अमेरिकेत स्कूलबसना बेल्ट असतात’ असं मी सरसकट लिहिलं होतं. साडेचार टनांपेक्षा हलक्या बसना ते देशभर सक्तीचे आहेत. मोठ्या बसना मोजक्याच राज्यांत. लेखात ते वाक्य आज सकाळी बदललं आहे.