चॅप्टर सत्त्याण्णव

बायकोनं कलारसग्रहणाच्या वर्गात नाव घातलं आणि आमच्या घरातला रविवार संपला.

इंदुरातला रविवार म्हणजे सकाळी पोहे-जिलबी, पोह्यांवर सढळ हातानं जीरावन मसाला, मग आणखी एक जिलबी, मग दुपारपर्यंत तिचा पश्चात्ताप. आता मी सकाळी साडेदहाला इस्त्रीचा शर्ट घालून कुठल्यातरी कलादालनात एका चौकटीसमोर उभा असतो आणि डाव्या कानाशी हळूच आवाज येतो, "काय कळलं?"

माझं चित्रांशी वैर नाही. चित्र बिचारं भिंतीवर गप्प असतं. भांडण आहे ते या प्रश्नाशी.

मी पडलो करसल्लागार. समोर वस्तू आली की ती कराच्या पुस्तकात कोणत्या हेडिंगखाली, म्हणजे कोणत्या चॅप्टरच्या कोणत्या नंबरात बसते, एवढाच विचार तीस वर्षं केला. शेव दिसली की एकवीस-शून्य-सहा. पितळी पातेलं दिसलं की चौऱ्याहत्तर-अठरा. लग्नात आहेर आला तरी मी आधी मनात चॅप्टर लावतो, मग आभार मानतो. हातानं रंगवलेलं चित्र सत्त्याण्णव-शून्य-एक, इथवर सगळं सोपं आहे. पण चित्राच्या आत जे असतं, त्याचं हेडिंग पुस्तकात नाही.

त्या रविवारचं चित्र सगळं तपकिरी होतं आणि उजव्या कोपऱ्यात पिवळा फराटा. खाली चिठ्ठी : 'अनामिक ७'. शेजारचे सहाही अनामिकच. नावं नव्हती, तरी हजेरीपट मात्र होता.

"काय कळलं?"

"जिलबी कढईतून निसटलीय," मी म्हणालो.

"मनाला काय वाटतं ते विचारलं. पोटाला नाही."

एक गोष्ट मी अनुभवानं शिकलोय. चित्रासमोर दहा सेकंदांत पुढे सरकलं तर अपमान होतो आणि दोन मिनिटं थांबलं तर चित्रकार येतो. मधे कुठेतरी मान थोडी तिरकी करून, एक पाऊल मागे घेऊन निसटायचं असतं. त्या दिवशी बुटाची नाडी सुटली म्हणून मी वाकलो आणि वेळ चुकली. चित्रकार आला. तरुण मुलगा, चांगला, आदबशीर. "सर, तुम्ही फार वेळ याच्याजवळ रेंगाळलात," तो म्हणाला. नाडीचं सांगायची हिंमत झाली नाही. मी "हो, तो पिवळा..." एवढंच म्हटलं आणि वाक्य सोडून दिलं. त्याचे डोळे भरून आले. तेव्हापासून अर्धवट वाक्यावर माझा फार विश्वास आहे.

पण खरा सापळा दारात असतो : अभिप्रायाची वही. दोरीनं बांधलेलं पेन, कलाकार हात बांधून दोन फुटांवर आणि आधीच्यांनी 'अप्रतिम', 'सुंदर', 'खूपच सुंदर' संपवून टाकलेलं. एकानं लिहिलं होतं, 'पंखा लावा.' त्या वहीतला तेवढाच अभिप्राय मला मनापासून पटला. मी खाली 'सहमत' लिहून सही केली.

"तुमच्या पिढीला दृष्टीच नाही," हे घरी येताना ऐकलं. माझी आणि बायकोची पिढी एकच आहे, पण ते असो.

सासरेबुवांकडे, रामबागेत, हीच परीक्षा कानांची. त्यांचं म्हणणं, इंदुरात राहून कलेतलं कळत नाही ही सबब चालत नाही. इथे देवळालीकर मास्तरांनी बेंद्र्यांना चित्रकला शिकवली, चित्रकार हुसेन इथेच लहानाचे मोठे झाले आणि उस्ताद अमीर खाँसाहेबांनी या गावाच्या नावानं गाण्याचं घराणं उभं केलं. हे सगळं खरं आहे. पण देवळालीकर मला शिकवायला नव्हते, त्याला मी काय करू?

तर सासरेबुवा खाँसाहेबांची जुनी ध्वनिमुद्रणं लावतात. अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ लयीतला झुमरा ताल, चौदा मात्रा. मला एवढंच माहीत होतं की समेवर, म्हणजे ताल फिरून पहिल्या मात्रेवर आला की मान हलवायची. पण सम यायला हवी ना! एक मात्रा झाली की दुसरी निघाली आहे का, हे कळायला मार्ग नाही. सासूबाई मधल्या वेळात दूध तापवून, विरजण लावून परत येतात आणि बसता बसता अचूक समेवर "आहा!" म्हणतात. मी डोळे मिटून बोटांवर मोजायला घेतलं. अकराव्या मात्रेला धीर सुटला आणि "वा!" निसटलं. सासरेबुवांनी एक डोळा उघडला. जावई असल्यामुळे ते काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी श्रीखंडाची दुसरी वाटी कुणी विचारली नाही.

यानंतर सासरेबुवांनी मला माणिकबागेची गोष्ट सांगितली आणि माझी झोप उडाली.

माणिकबागेत मी कितीदा गेलोय. तिथे कस्टम्स आणि सेंट्रल एक्साइजचं कार्यालय. बगलेत फायली, डोळे फायलींवर. आणि हा एकेकाळी इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर दुसरे यांचा राजवाडा! १९३० च्या सुमाराला एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकारानं आखलेला, आतलं सामान त्या काळच्या युरोपातलं अगदी नवं. ते पुढे १९८० मध्ये लिलावात जगभर विखुरलं. महाराजांनी ब्रांकुशी नावाच्या शिल्पकाराचे 'अवकाशातला पक्षी' तीन घेतले होते, दोन संगमरवरी आणि एक ब्राँझचा. त्या पक्ष्यांसाठी इंदुरात ध्यानमंदिर बांधायचं होतं. १९३८ च्या सुरुवातीला तो शिल्पकार इथे येऊनही गेला. मंदिर झालं नाही. संगमरवरी पक्षी आता ऑस्ट्रेलियात, कॅनबेराच्या संग्रहालयात आहेत.

या पक्ष्याचाच एक ब्राँझचा भाऊबंद १९२६ साली न्यूयॉर्कच्या बंदरात उतरला. कलाकृतीला आयातशुल्क माफ होतं. पण कस्टमच्या माणसाला ना चोच दिसली ना पंख, दिसला तो एक उभा चकचकीत दांडा. त्यानं तो 'स्वयंपाकघरातली भांडी आणि दवाखान्याचं साहित्य' या सदरात टाकला आणि चाळीस टक्के शुल्क लावलं. प्रकरण कोर्टात गेलं. हा जंगलात दिसला तर पक्षी समजून गोळी झाडाल का, असं न्यायाधीशांनी साक्षीदाराला विचारलं. तो म्हणाला, नाही. तरीही १९२८ मध्ये निकाल पक्ष्याच्या बाजूनं लागला.

सासरेबुवा हसत सुटले. बायकोही. मी एकटा गंभीर होतो. त्या कस्टमवाल्याच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, हे मला लख्ख दिसत होतं. ब्राँझ म्हणजे तांब्याचा चॅप्टर. आकार ढवळायच्या दांड्याचा. चौऱ्याहत्तर-अठरा. मी तर पावतीही फाडली असती.

पुढच्या वेळी माणिकबागेत गेलो तेव्हा फायल मिटून वर पाहिलं. छत, जिना, कठडा. इतका वेळ पाहत राहिलो की एका ओळखीच्या वकिलानं जवळ येऊन विचारलं, "काय भिया, नोटीस आली काय?"

मी ठरवलं, आता हेडिंग लावायचं नाही. वस्तू आधी नुसती पाहायची.

गेल्या आठवड्यात बायकोच्या वर्गात मातीकाम झालं. संध्याकाळी घरी आलो तर ती फिरायला गेलेली आणि ओट्यावर भाजलेल्या मातीचं काहीतरी. रुंद बूड, मधे खोलगट, दोन्ही बाजूंनी कान वर आलेले. मी नीट पाहिलं. मान तिरकी केली, एक पाऊल मागे गेलो. मग आतून तीस वर्षांची नोकरी बोललीच : एकोणसत्तर-बारा, मातीची भांडी. भूकही लागली होती. पावशेर लवंगी शेव त्यात ओतली आणि टीव्हीसमोर बसलो.

बायको आली. दारातच थांबली.

"अहो, आई आहे ती."

"कुणाची?"

"आई आणि मूल! ते हात आहेत तिचे. आणि ती मांडी... शेव काढा आधी तिच्यातून!"

मी शेव काढू लागलो. तेवढ्यात सासूबाई आल्या. त्यांनी शिल्पाकडे पाहिलं, माझ्या मुठीतल्या शेवेकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "असू दे गं. जावईबापूंनी ओटी भरली तिची."